बाकावरचा हेर

३ फेब्रुवारी, सोमवार
मुलांच्या बेसबॉल टीमचा कोच म्हणून आज माझी निवड झाली. बिनविरोध. (बाकीचे पालक तेव्हा चहाला बाहेर गेले होते, पण तो त्यांचा प्रश्न.)
संकल्प: सोळा तारखेच्या मॅचआधी टीमचा पाया पक्का करणे. समोर नदीपलीकडची शाळा आहे. मी स्वतः बेसबॉल खेळलेलो नाही, पण व्हिडिओ भरपूर पाहिलेत.
आमची लेक माऊ टीममध्ये आहे. दहा वर्षांची. तिची बॅट अजून एकदाही चेंडूला लागलेली नाही. वशिला चालणार नाही असं तिला स्पष्ट बजावलं. तिने विचारलं, वशिला म्हणजे काय?

५ फेब्रुवारी, बुधवार
पहिली प्रॅक्टिस. झेलताना दोन्ही हात. फेकताना समोरच्याच्या छातीकडे. मारल्यावर बॅट टाकायची आणि उजवीकडे, पहिल्या बेसकडे पळत सुटायचं; चेंडू तिथे आधी पोचला तर आउट. पोरं चटकन शिकली. शिकवणाऱ्यावर असतं. सगळ्यात छोटी टिचकी, हेल्मेट घातलं की फक्त हनुवटी दिसते, पण तीही बरोबर पळाली.
एक गोष्ट खटकली. कुंपणाजवळच्या बाकावर एक म्हातारा. काळा चष्मा, टोपी. पूर्ण वेळ मैदानाकडे तोंड करून बसला होता. मी इन्शुरन्समध्ये खोटे क्लेम पकडतो. असा माणूस उगाच बसत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार
तो पुन्हा आला. चेंडू बॅटला लागला की मान डोलावतो. म्हणजे डोक्यात टिपून ठेवतो. नदीपलीकडच्यांनी पाठवलेला, शंकाच नको.
चेंडू आणायच्या निमित्ताने त्याच्या समोरून गेलो. "छान हवा सुटलीय," म्हणाला. सराईत आहे.
घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, अहो, जाऊन विचारा ना कोण आहेत ते. हिचा स्वभाव पहिल्यापासून भोळा.

९ फेब्रुवारी, रविवार
सुचलं! यापुढे त्याच्यादेखत सगळं उलटं शिकवायचं. फटका मारला की डावीकडे, थेट तिसऱ्या बेसवर. तो जाऊन तेच सांगणार. मॅचला ते सगळे तिसऱ्या बेसवर दबा धरून बसतील आणि आमची पोरं पहिल्यावर आरामात पोचतील.
मुलांना आत्ता काही सांगायचं नाही. मुलांच्या पोटात काही राहत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार
उलटी प्रॅक्टिस झकास. झेल एका हाताने, फेक गुडघ्याकडे, पळणं डावीकडे. बॅटमागे चेंडू झेलणारा आमचा कॅचर पैलवान (बरगड्या मोजून घ्याव्यात असा) म्हणाला, सर, शनिवारी तर तिकडे पळायचं होतं. म्हटलं, सांगितलं तेवढं कर.
प्रॅक्टिस संपल्यावर हाच पैलवान त्या बाकाकडे पळत गेला. म्हाताऱ्याकडून लिमलेटची गोळी घेतली आणि तोंडात टाकली. माझ्या डोळ्यांदेखत!
घरभेदी सापडला. टीममधून काढणार होतो, पण कॅचरचं पॅड त्याच्याच मापाचं आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार
जेवताना माऊने विचारलं, बाबा, नक्की तिसऱ्या बेसकडेच ना? व्हिडिओत तर तिकडे पळत नाहीत. म्हटलं, बाबावर विश्वास आहे ना? तिने मान हलवली. पोरगी गुणी आहे.
खरं काय ते उद्या, मॅचच्या तोंडावर सांगेन.

१६ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळ
हरलो.
मॅचआधी मुलांना गोल करून कुजबुजलो, बुधवारपासून शिकवलं ते खोटं, त्याआधीचं खरं. टिचकी म्हणाली, सर, त्याआधीचं म्हणजे कुठलं? तेवढ्यात अंपायरने हाक मारली.
तिसऱ्या बेसवर कोणी दबा धरून बसलं नव्हतं. पैलवान मात्र तिकडेच पळाला. टिचकी आधी उजवीकडे निघाली, मग वळली, मग मधोमध थांबून तिने समोरच्या चेंडू टाकणाऱ्या पिचरलाच रस्ता विचारला. त्याने पहिला बेस दाखवला आणि मग तिला आउट केलं. मुलगा चांगला होता.
मग माऊ आली. आणि तिने मारला. असा टण्णकन आवाज! चेंडू सगळ्यांच्या डोक्यांवरून. आयुष्यातला पहिला फटका. आणि ती तिथेच उभी. हातात बॅट, डोळे माझ्यावर.
"पळ!" मी ओरडलो.
"कुठे?" तिने विचारलं.
मी हात दाखवेपर्यंत चेंडू पहिल्या बेसवर पोचला होता.
शेवटी पैलवान त्या म्हाताऱ्याचा हात धरून माझ्याकडे आला. म्हणाला, सर, हे माझे आजोबा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, अजून नीट दिसत नाही. घरी करमत नाही म्हणून माझ्याबरोबर येतात.
आजोबा म्हणाले, "मी आपला आवाजावरून खेळ समजून घेतो. आज एक फटका फार सुरेख बसला. कोणाचा हो?"
"माझ्या मुलीचा," मी म्हणालो.
"वा! मग ती सगळे बेस पळूनच आली असेल."
मी हो म्हणालो.
गाडीत माऊने पट्टा लावला. मग विचारलं, बाबा, आपण कोणाला फसवत होतो? ट्रॅफिक फार होतं, मी हॉर्न वाजवला.

१९ फेब्रुवारी, बुधवार
नवा संकल्प: पाया पहिल्यापासून. कोणी येणार नाही असं वाटलं होतं, पण सगळी आली. काही बिघडलेलं नाही म्हणजे.
म्हटलं, चला, पहिल्या बेसकडे पळा! बोटही दाखवलं.
कोणी हललं नाही. टिचकीने हेल्मेट वर सारलं. "सर, हे खरं की खोटं?"
"खरं," मी म्हणालो.
सगळ्यांनी माऊकडे पाहिलं. माऊने बोटाकडे पाहिलं, बेसकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "थांबा," ती पोरांना म्हणाली. मग सरळ माझ्यापाशी आली, हात पुढे केला आणि आईला विचारायला माझाच फोन मागितला.
दिला.