डाव्या तळहातावर काही ठेवू नये

लिहून ठेवणार : रत्नम्मा भ्र. गुरुबसप्पा शेटकार, वय शहात्तर, धंदा पूर्वी पिठाची गिरणी, हल्ली बसून, राहणार लातूर.

मी सांगते आहे आणि वकील देविदास गवळी लिहून घेत आहेत. डॉक्टरांनी आज सकाळी तपासून माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला दिला. डोकं ठिकाणावर आहेच, फक्त उजवं मनगट नाही. कोणाच्या दबावाखाली मी हे करत नाही. दबाव आहे, पण तो हा कागद करू नये म्हणून आहे. याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. माझ्या मागं हेच खरं धरावं.

कलम १. राहतं घर माझ्या नावावर आहे. मालक, म्हणजे माझे यजमान, हयातीतच करून गेले. खाली गिरणी आणि दोन खोल्या, वर एक खोली. वरची खोली लातूर जिल्हा झाला त्या साली बांधली. कलेक्टर कचेरी आली, बदलीची माणसं आली, गल्लीत भाडेकरू आणि गिरणीवर डब्यांची रांग. मालक म्हणायचे, सरकारनं जिल्हा आपल्यासाठीच केला बघ. ते घर कोणाला, हे पुढं सांगते. आधी ते का तसं सांगते, हे कळलं पाहिजे. वकीलसाहेब म्हणतात, एवढं सगळं मृत्युपत्रात बसत नाही. मी म्हणाले, कागद माझा हाय, बसवा.

कलम २. गिरणी, तिची मोटार, पट्टे आणि दगडांना टाकी लावायची छन्नी-हातोडी माझी सून शिवकांता हिला द्यावी. दगड बोथट झाला की पीठ गरम येतं, भाकरी चिरते. मालक गेल्यावर टाकी मीच लावत असे, हात कधी चुकला नाही. शिवकांताला मात्र मी छन्नीला हात लावू दिला नाही, गिरणीची किल्लीही दिली नाही. धर्माबादच्या मिरचीवाल्याची लेक, तोंडही तसंच, म्हणून मी तिला उभ्या गल्लीत नावं ठेवली. आता त्या हातोडीवर तिचाच हक्क आहे.

कलम ३. पितळेचं मोठं घंगाळ शेजारीण गंगम्मा हिच्याकडे आहे. जिल्हा झाल्याच्या जेवणाला नेलं ते आजतागायत आलं नाही. ते तिच्याकडेच राहू द्यावं. मात्र ते माझं होतं, असं तिनं एकदा चार बायकांत म्हणावं. ती इथंच साक्षीला बसली आहे, ऐकते आहे, पण मान हलवत नाही.

कलम ४. हे कलम लाजेचं आहे. सांगताना माझी मान खाली आहे, हे वकीलसाहेबांनी लिहावं.

या दुष्काळात गल्लीत नळ नाही, टँकर कधी येईल ते देवाला ठाऊक. माघात मी मोरीत घसरले, खुब्याला मार बसला. मला उठवायचं, अंग पुसायचं, कपडे धुवायचे, आणि घरात प्यायला पाणी नाही. बसवंत, माझा मुलगा, म्हणाला, अम्मा, पाणी येईपर्यंत त्या वृद्धाश्रमात राहा, त्यांची स्वतःची बोअर आहे, नर्स आहे, शिवाय आपल्या सोयऱ्यांचंच आहे. त्या घराचं नाव इथं लिहीत नाही. ते पोलिसांकडच्या जबाबात आहे.

बोअर होती. पण पाणी आमच्यासाठी नव्हतं. म्हातारी माणसं पाणी प्याली की अंथरूण भिजवतात आणि चादरी धुवायला पाणी जातं, म्हणून देखरेखीची बाई पाणीच देत नसे. ओठ फुटले, लघवीला आग. भेटायला येणाऱ्यांना सांगितलं तर ते म्हणत, आज्जी, अख्ख्या लातूरला पाणी न्हाई, रेल्वेनं येऊन राहिलंय, तुम्हीच काय नवं सांगता? दुष्काळात तहानेची तक्रार कोण ऐकणार?

एका दुपारी माझं अंथरूण भिजलं. त्या बाईनं आधी गालावर मारलं, मी हात आडवा घातला तर मनगट पिरगाळलं. कट्‌ असा आवाज आला. मग तिची नजर गळ्याकडं गेली. वकीलसाहेब आमच्यातले नाहीत म्हणून सांगते. आम्ही लिंगायत. जन्मल्यावर स्वामी गळ्यात इष्टलिंग बांधतात, ते मरेपर्यंत अंगावरून उतरत नाही. रोज डाव्या तळहातावर घेऊन त्याला पाणी घालायचं, विभूती लावायची, मगच तोंडात घास. ती म्हणाली, ह्याला रोज पाणी ओततीस आणि वर अंथरूण भिजवतीस? दोरा तोडला आणि चांदीच्या करंड्यासकट घेऊन गेली. घरी जाशील तेव्हा परत मिळेल म्हणाली.

अंगावर लिंग नसलेली बाई आमच्यात मेल्यासारखी. मी जेवले नाही. पण भूक मोठी वाईट. शेवटी तसाच भात खाल्ला, भिंतीकडं तोंड करून. मार खाल्ल्याची लाज वाटली त्याहून त्या भाताची जास्त वाटली.

रविवारी बसवंत आणि शिवकांता डबा घेऊन यायचे. त्यांच्यासमोर जेवायचं तर आधी पूजा करावी लागणार आणि गळा रिकामा. म्हणून मी म्हणायचे, उपास हाय. पदर गळ्याभोवती गच्च घेऊन बसायचे. हात सुजला तो पदराखाली. बसवंतला कौतुक. बाजारात सांगत फिरला, आमची अम्मा तिथं जाऊन अजून कडक झाली, सारखी उपासाला, सारखी ध्यानात. तिथले मालकही हेच म्हणायचे. मी वाळत चालले होते आणि सगळे माझ्या भक्तीला हात जोडत होते. त्यांना काय दोष द्यावा, मीच तसं दाखवलं.

चैत्रातल्या एका रविवारी शिवकांतानं ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणली आणि बाटलीत घरचं पाणी आणलं, तेही अशा दिवसांत. म्हणाली, इथं पूजेला पाणी देत नसतील म्हणून आणलं, लिंग काढा. मी म्हणाले, उपास हाय.  तिनं नवऱ्याला रिक्षा बघायला पाठवलं, दार लावलं, माझ्यासमोर खाली बसली. पडलात का, कसं लागलं, असं एक अक्षर विचारलं नाही. तिनं एवढंच विचारलं,

"अम्मा, कोण काढलं?"

तेव्हा मी रडले. तीच धर्माबादची मिरची माझं मनगट मांडीवर घेऊन बसली होती. तिनं तिथं भांडण केलं नाही. डबा भरला, हसून निरोप घेतला, अम्माला दवाखान्यात दाखवून आणते म्हणाली, आणि मला सरकारी दवाखान्यात नेऊन सगळं लिहून घ्यायला लावलं. फोटो काढले. तिथून पोलीस ठाणं. पोलिसांनी त्या बाईच्या कपाटातून लिंग काढलं. ते आज त्यांच्याकडं मुद्देमाल म्हणून मोहोरबंद आहे.

कलम ५. भामाबाई, मूळची मुखेडची, त्याच घरात माझ्या शेजारच्या खाटेवर आहे. तिला लुगड्याच्या पट्टीनं खाटेला बांधतात. मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पोलीस आले तेव्हा ती म्हणाली, सगळं चांगलं हाय, लेकीवानी बघतात. मला तिचा राग आला. नंतर शिवकांता तिला एकटीला भेटली तेव्हा तिनं सांगितलं, "मला कुठं जायचंय बाई? रात काढायची इथंच. मग बोलून काय करू?" राग गेला. मला परतायला घर होतं म्हणून मी बोलले, माझी काही मर्दुमकी नाही.

म्हणून वरची जिल्ह्याच्या सालची खोली भामाबाईला, ती जिवंत आहे तोवर राहायला. तिच्या मागं ती खोली शिवकांताची. भामाबाईच्या पुतण्याला विचारलं, तो म्हणाला, न्या. मी हयात असतानाच तिला आणा म्हणते, तर बसवंत म्हणतो, बघू. तर बघ बाबा आता. खालच्या दोन खोल्या बसवंतला, पण त्यानं स्वतः जाऊन, स्वतःच्या हातानं ती पट्टी सोडून भामाबाईला घरी आणल्यावर. नाही आणलं तर त्याही खोल्या शिवकांताच्या आणि आणायचं कामही तिचंच. बँकेतली ठेव भामाबाईच्या औषधपाण्याला आणि वकीलसाहेबांच्या कामाला.

कलम ६. माझी फिर्याद माझ्या मागंही उभी राहावी. मुलगा असला तरी माझ्या वतीनं कोणी तडजोड करू नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शिवकांतानं करावी.

कलम ७. आता दबावाचं सांगते. डॉक्टर म्हणतात, काळीज थकलंय, पावसाळा काढणं अवघड. आमच्यात जाळत नाहीत. बसवून पुरतात, डाव्या तळहातावर स्वतःचं लिंग ठेवून. माझं ठाण्यात आहे. सोडवायला अर्ज केला तर समोरच्यांनी हरकत घेतली. मग त्यांचा माणूस सफरचंदाची पेटी घेऊन आला. तक्रार मागं घ्या, आम्ही हरकत मागं घेतो, आजींच्या हाती लिंग येईल. बसवंत माझ्या पायाशी बसून रडला. म्हणाला, अम्मा, लिंगाविना गेलीस तर चार लोकांत तोंड कसं दाखवू? खोटं रडला नाही तो. मलाही तेच भ्या होतं. माझा जीव त्या लिंगात आहे, आणि तो आठवडा मी कबूल करायच्या बेतात होते. मग भामाबाईची खाट आठवली. तडजोडीवर सही केली नाही. सफरचंदं गल्लीत वाटली.

पंचाक्षरी स्वामींनी माझ्या गळ्यात दुसरं लिंग बांधलं, तेव्हा मी नीट जेवले. मातीच्या वेळी हातावर काय ठेवायचं, हे त्यांनाच विचारलं.  ते म्हणाले, गळ्यातलं गळ्यात राहील, हाताचं तुम्ही ठरवा.

तर मी ठरवलं ते असं. मला बसवाल तेव्हा डावा हात उघडा, मांडीवर ठेवावा. तळहातावर काही ठेवू नये. फूल नको, बेल नको, वरून शाल घालू नये. मातीला सगळी भाऊबंद येतील, सोयरे येतील, ते घर चालवणारेही येतील. बघतील. बसवंतानं माझ्या डाव्या अंगाला बसावं. लोक त्याला विचारतील, अम्माचा हात रिकामा का? तेव्हा बाळा, तू खाली बघू नकोस. मी लई दिवस खाली बघितलं. कोणी काढलं, कुठं काढलं, त्या घराच्या नावासकट मोठ्यानं सांग. आणि जितके जण विचारतील तितक्यांदा सांग.

निकाल लागून लिंग परत आलं तर मग माती उकरू नये. शिवकांतानं ते वरच्या खोलीत ठेवून रोज पाणी घालावं.

हे मला वाचून दाखवलं, मी ऐकलं, बरोबर आहे. मला सही येते, सातवी शिकले आहे. पण उजव्या हातात पेन धरवत नाही, म्हणून डाव्या हाताचा अंगठा देते.

निशाणी डावा अंगठा : रत्नम्मा भ्र. गुरुबसप्पा शेटकार

साक्षीदार
१. गंगम्मा भ्र. मलप्पा कोरे, रा. लातूर (सही)
२. रुद्राणी पंचाक्षरी स्वामी, रा. लातूर (सही)

स्थळ : लातूर
दिनांक : १४ जून २०१६