वारा आणि वीज एकाच वेळी

सर, आज दुपारी धरणाच्या फुगवट्यावर पुन्हा एक शीड उभे राहिले. ते माझ्या मुलीचे होते, आणि ते उभे राहू नये यासाठी मी सकाळपासून प्रयत्नांत कसूर केली नव्हती. हे ज्याला सांगावे असा माणूस तुमच्याशिवाय मला सुचत नाही, म्हणून तुम्ही जाऊन इतकी वर्षे झाल्यावर लिहायला बसलो आहे.

फौजेतून निवृत्त होऊन तुम्ही आमच्या कॉलेजात क्रीडाशिक्षक म्हणून आलात आणि एका रविवारी टेम्पोच्या टपावर ती पहिली फळी बांधून आणलीत. फळीवर उभे राहायचे, शिडाचा दांडा दोन्ही हातांनी धरायचा आणि वाऱ्याच्या जोरावर पाणी कापत जायचे. विंडसर्फिंग हे नाव आमच्या तोंडी नीट बसले नाही; गावाने त्याला 'शिडाची फळी' म्हटले. आषाढात आपल्याकडे ढग नुसते वरून पळतात, पाऊस टाकत नाहीत, पण पश्चिमेचा वारा दुपारभर हटत नाही. ज्या वाऱ्याला आमचे वडील शिव्या देत, त्याच्यावर तुम्ही आम्हाला उभे केलेत. आसपासच्या गावांतली मुले आली, मग मुली आल्या, काठावर भेळेची गाडी लागू लागली. स्पर्धेसाठी तुम्ही आम्हाला समुद्रावर नेलेत, तेव्हा आमच्यातल्या एकाने ओंजळभर पाणी तोंडात घेतले, थुंकून टाकले आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाला, "एवढं पानी, आन् एका वाफ्याला चालायचं न्हाई." तुम्ही हसता हसता वाळूत बसलात. स्पर्धेत आम्ही हरलो, पण परतताना त्याचे दुःख कोणाला नव्हते.

आपल्या काठाला शेतकऱ्यांच्या मोटारी होत्या. पाणी मागे सरकले की मोटार पुढे सरके आणि जागोजागी सांधे दिलेली केबल पाण्यातून जाई. म्हणून तुमचा नियम असा होता की प्रत्येक मोटारीचा धनी तिच्या स्टार्टरच्या पेटीपाशी उभा राहील, खटका पाडून मोटार बंद करेल आणि टॉवेल वर करेल. शेवटचा टॉवेल वर झाल्याखेरीज पाण्यात कोणाचा पाय पडणार नाही. "मास्तर, तुमच्या खेळापायी ऊस वाळंल आमचा," अशी कुरकुर चाले, पण टॉवेल वर होत, कारण फळीवर त्यांचीच मुले होती. पुढे मोटारी वाढल्या. वीज ठरावीक तासच येऊ लागली, आणि ते तास बहुधा दुपारचे, म्हणजे वाऱ्याचेच असत. टॉवेल मिळेनासे झाले. तेव्हा आपण सर्वांनी मिळून एक सोय काढली: वीज गेलेली असेल, तर टॉवेलांची वाट पाहायची नाही. तर्क बिनतोड वाटला होता.

मी तेव्हा बी.कॉम. होऊन दूध संघात हिशेब पाहत होतो, तरी रविवार चुकवत नसे. त्या दिवशी वीज गेलेली आहे. मी पाण्यावर आहे. वळताना वारा अचानक पडतो, शीड आडवे होते, आणि मी फळीवर गुडघे टेकून ते ओढू लागतो. तेवढ्यात काठावर एक मोटार सुरू होते. तिचा धनी तिथे नाही. वीज आली की मोटार आपोआप चालू करणारा ऑटो त्याने नुकताच बसवलेला आहे, आणि हे आपल्यापैकी कोणाच्या ध्यानीमनी नाही. माझ्या पुढे, केबल पाण्यात उतरते तिथे, मासे पांढरी पोटे वर करून तरंगू लागतात. तुमचा आवाज येतो, चढलेला नाही, कवायतीच्या मैदानावर देतात तसा: "शीड सोड. फळीवर आडवा हो. हातपाय आत. पाण्याला बोट लावू नकोस." वारा पुन्हा उठून फळीला त्या माशांकडे ढकलतो आहे, आणि हात घालून तिला थांबवण्याची मला मुभा नाही. तुम्ही पेटीकडे धावता. पेटीला कुलूप आहे. तुम्ही दगड उचलता. मोटारीचा आवाज थांबतो तेव्हा पहिला मासा फळीच्या कडेला लागलेला असतो.

धनी धापा टाकत आला. "मास्तर, लाईट नव्हती म्हून मी जेवाया गेल्तो." काठावर येऊन मी हसत होतो, बहुधा भीतीने, तेव्हा मला म्हणालात, "हसू नकोस. तू वाचलास, यात आपलं कोणाचंही कौतुक नाही." पुढच्या रविवारी टेम्पो आला नाही. मी तुमच्या घरी येऊन भांडलो, एका ऑटोपायी सगळेच बंद करायचे का, असे विचारले. चहाचा कप माझ्यापुढे सरकवून तुम्ही म्हणालात, "वारा आणि वीज एकाच वेळी येणार असतील, तर गावाने वीज घ्यावी." मुले पांगली. कोणी सुप्याच्या कारखान्यांत लागला, कोणी संगमनेरला दुकान टाकले.

माझी मुलगी पुण्यात शिकते. तिथल्या एका धरणावर ती हा खेळ शिकली, हे मला या आठवड्यात कळले, ती उसनी फळी टेम्पोवर घालून दारात उभी राहिली तेव्हा. मी तिला त्या माशांचे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि काठाने पेटी-पेटीपाशी हिंडून आली. आता तिथे सौरपंप आहेत; उजेड आहे तोवर चालतात, त्यांना तासांचे बंधन नाही. "ताई, ऊन फुकट हाय म्हून वाया घालवायचं व्हय?" एकाने विचारले. "काका, तासभरच. तुमचं ऊन मी पुण्याला नेत नाही," ती म्हणाली. ऑटोवाला आता म्हातारा झाला आहे. तो म्हणाला, "त्या दिशी मोटर माझी हुती. आज मी पेटीपशी बसून ऱ्हातो. जेवाया जात न्हाई."

सर्वांनी होकार दिला. उरली एकच मोटार, ती आमची. डाळिंबाला पाणी चालू आहे, बंद करता येणार नाही, असे मी सांगितले. डाळिंबाला पाणी मी कालच दिले होते. ती वाद घालत बसली नाही. "मग मी उतरत नाही, पप्पा. पण हे डाळिंबासाठी आहे, असं माझ्याकडे बघून म्हणा." ते मला म्हणता येईना. म्हातारा पलीकडून ओरडला, "हिशेबनीस, लेकीला अडवायला मोटर कशापायी पायजे? तोंडानं न्हाई म्हना की." तेही मला म्हणता येईना. काठावर सगळे टॉवेल वर झालेले होते. मी खटका पाडला आणि माझा टॉवेल वर केला.

ती परत आली तेव्हा ओठ निळे पडले होते. "पप्पा, शेवटचं वळण पाहिलंत ना?"

"पाहिलं," मी म्हणालो. "छान घेतलंस."

तुमच्या मुलाचा पत्ता माझ्यापाशी आहे, आणि हे त्याला पाठवावे असे मघाशी वाटले होते. पण तुमच्या घरच्यांना भेटायला जायचे माझ्या मुलीने आज ठरवले आहे; तिथे हे पत्र तिच्या हाती पडेल, म्हणून पाठवणार नाही. सर, मी ते वळण पाहिले नाही. खटका पाडल्यापासून ती काठाला लागेपर्यंत मी पाण्याकडे पाठ करून, पेटीचे दार दोन्ही हातांनी दाबून धरून उभा होतो.