कोपऱ्यातला व्हाइस

६ जानेवारी १९७५, सांगली

आष्ट्याच्या शाळेत घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला असे. शेवटचा टोला पडला की त्याची बारीक गुणगुण हवेत रेंगाळे आणि पोरं कविता म्हणत त्याच सुरात शिरत. निवृत्तीनंतर तो सूर हरवला होता. आज विश्रामबागेतल्या या कारखान्यात पाऊल टाकलं, आत कुठेतरी लोखंडावर लोखंड वाजलं आणि तो परत आला. शकुन चांगला म्हणायचा.

फिटर, टर्नर, वेल्डर निवडून आणायचे, ही माझी नवी नोकरी. आयुष्यभर वृत्तं आणि अलंकार शिकवले, लोखंडातलं मला काही कळत नाही, हे मी मालकांना आधीच सांगितलं. ते म्हणाले, लोखंड हंबीरराव बघतील, तुम्ही माणसं आणा. आष्ट्याकडची निम्मी पोरं तुमच्या हाताखालून गेलीत. मास्तरांनी बोलावलंय म्हटल्यावर आईबाप डोळे झाकून पाठवतात.

छाती फुगली, खोटं कशाला सांगू?

९ जानेवारी

हंबीरराव इथले फोरमन, पलटणीतून आलेले. प्रमाणपत्र नंतर बघा, आधी नखं बघा, असा त्यांचा पहिला धडा. फिटर आणि टर्नर यांतला फरक मी समास सोडवावा तसा समजून घेतला.

परीक्षेची रीत मोठी गोड आहे. उमेदवाराला दोन पट्ट्या देतात. एकीत चौकोनी खाच, दुसरी कानशीने घासून त्या खाचेत बसवायची. पट्टी धरायला टेबलाला व्हाइस, म्हणजे लोखंडी शिकंजे, जखडलेले आहेत. जोड बसला की तो उन्हासमोर धरायचा. फटीतून उजेड दिसला नाही तर गडी पास.

प्रत्येक हाताची कानस वेगळ्या चालीवर चालते. मी डोळे मिटून ऐकत बसलो होतो. हंबीरराव म्हणाले, आवं मास्तर, परीक्षा घेताय का भजन ऐकताय?

१४ जानेवारी, संक्रांत

लोणंदचा अर्जुना आला. मोठा बोलका. लोणंदला रेल्वे हाय, तुमच्या आष्ट्याला काय हाय, म्हणून मलाच चिडवत होता. त्याला कोपऱ्यातला व्हाइस मिळाला. सुरुवातीला त्याचा हात धसमुसळा होता. मग एकाएकी चाल बदलली. तीन ओढी लांब, चौथी आखूड. ही तर ओवी. फक्त चौथी ओढ दरवेळी अर्ध्यावर थांबते.

जोड असा बसला की उजेडाचा केसही दिसला नाही. मी त्याला निवडलं आणि तिळगूळ दिला. त्याने तो हातात धरून ठेवला, खाल्ला नाही.

२० जानेवारी

अर्जुना हाकेला ओ देत नाही. नाव घेतलं तर मी दुसऱ्याच कुणाला बोलावतोय असं बघतो. डावा अंगठा उभा धरतो, जणू त्याला चिंधी बांधली आहे. भाकरी खाऊन घे म्हटलं तर म्हणतो, अजून थोडं ऱ्हायलंय.

माझ्या आधी निवडलेला बाळासो पलीकडच्या टेबलावर असतो. त्याचाही अंगठा तसाच. चालही तीच. तोही त्याच कोपऱ्यातून आलेला.

हंबीररावांना गाठलं. ते सांगू लागले. कोंडीबा मिस्त्री म्हणून इथला जुना कारागीर होता. खंडेनवमीला हत्यारं पुजतात, फुलं वाहतात आणि त्या दिवशी त्यांना कुणी हात लावत नाही. गेल्या खंडेनवमीला मालकांना घाईचं काम होतं. त्यांनी कोपऱ्यातल्या व्हाइसवरचा हार स्वतः ओढून काढला आणि कोंडीबाला उभं केलं. अंगठा आधीच ठेचलेला, चिंधी बांधलेली. दुपारी तो कानस हातात घेऊनच कोसळला आणि जागीच गेला. काम अर्धंच राहिलं.

आणि मालक? मी विचारलं. हंबीरराव म्हणाले, मालक लय खूश हाय. असला हात परत गावणार न्हवता, आता दर महिन्याला गावतोय.

म्हणजे मला का ठेवलं, ते कळलं.

२३ जानेवारी

मालकांना तोंडावर सांगितलं, त्या कोपऱ्यात मी एकही पोर उभं करणार नाही. ते म्हणाले, मग घरी बसा मास्तर, तुमच्या नावाने निरोप गावोगाव गेलेत, पोरं येतीलच. म्हटलं, पोरं माझ्या नावाने येणार असतील तर मी इथून हलत नाही.

त्यांनी काढलं तरी मी येणार.

२७ जानेवारी

आज आष्ट्याचा जोतिबा आला. मनुबाईचा एकुलता. वर्गात याच्यासारखी कविता म्हणणारा दुसरा नव्हता. आई म्हणाली, मास्तर हाईत तिथं, जा बिनघोर. मी त्याला दाराजवळचा व्हाइस दिला आणि बजावलं, जागा सोडायची नाही. मालकांनी मला कचेरीत बोलावून अडकवून ठेवलं. परत येतोय तोच कानावर आलं —

तीन लांब. एक अर्धी.

कोपऱ्यातून कॉलर धरून ओढला. माझ्या खोलीवर नेला. हजेरीला नाव पुरं व्हायच्या आत हजर म्हणणारा पोरगा. आज नाव घेतलं. गप्प.

अंगठा वर.

२८ जानेवारी, दुपार

परीक्षेच्या खोलीला आतून कडी घातली आहे. जोतिबाला परत आणलंय, तो भिंतीशी. बाजारातून झेंडू आणला, कुंकू आणलं. कोपऱ्यातला व्हाइस धुतला, पुजला, हार घातला. कानस खाली ठेवली. आज खंडेनवमी. मी ठरवलं म्हणून. पंचांग काही म्हणो.

मालक दार बडवतायत. बडवू देत.

हजेरी घेतली. जोतिबा. नाही. परत. नाही. तिसऱ्यांदा, वर्गात घ्यायचो तशी, चढ्या आवाजात —

हजर.

बारीक. पण त्याचाच आवाज. अंगठा खाली आला. रडतोय. मीही.

बडवणं थांबलं. मालक पळाले वाटतं. पावलं लांब गेली.

कडी — कडी आपोआप —

दारात माणूस. डाव्या अंगठ्याला चिंधी. हाराकडे बघतोय. हात जोडले त्याने.

म्हटलं, कोंडीबा, आज हत्यारांना सुट्टी. घरी जा. म्हणतो, व्हय मास्तर, पर अजून थोडं ऱ्हायलंय.

कानस उचलली. जोतिबाकडे नाही. माझ्याकडे धरली.

जोतिबा खिडकीतून गेला. गेला. बरं झालं.

मी घेणार नाही. लिहितोय तोवर हात माझा आहे. डावा अंगठा उठतोय, उठू दे. उजवा माझा. हे अक्षर बघा — वळण माझंच — तीन ओळी लांब, मग — नाही, माझंच आ