भोंगा आणि पडदा

दि. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भोंगा नीट पोचला असेल. बंद पडलेल्या थिएटरातला आहे. जुने स्पीकर जमवणाऱ्या आम्हा वेड्यांत त्याचं नाव निघालं की माणसं आवाज खाली आणतात. अप्पांना ऐकू कमी येतं, त्यांना तोच बरा.

बदल्यात त्यांचा उंच, पातळ पडदा, म्हणजे पडद्यासारखा सपाट स्पीकर, मी आणला. माणसाचा आवाज त्याच्याइतका खरा कुणी देत नाही अशी त्याची ख्याती. मात्र ढोल वाजला की त्याला धाप लागते आणि हवा दमट असली की तो चटचटतो. भोंगेवाले त्याला अशक्त म्हणतात, पडदेवाले भोंग्याला सभेतला पुढारी. मी दोन्ही डगरींवर पाय ठेवून आहे.

आईची टेप भोंग्यावर लावून बघ. लोभ आहेच, तो आटू देऊ नये.

तुझा,
धाकटा

दि. १३ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

भोंग्याने निम्मी खोली खाल्ली. मी टेप लावली. रेकॉर्डर नवा आणला तेव्हा आई शिवणयंत्रावर बसून बडबडली होती, तीच. बटणं कुठे गेली, आपण दोघं कसा उच्छाद मांडतो. भोंग्यातून ती गरजली. अप्पा उठूनच गेले. म्हणाले, ही बाई कोण? तुझी आई कधी आवाज चढवायची नाही.

तेव्हापासून ताट तसंच राहतं. आई गेल्यापासून, पडदा होता तोवर, रोज दुपारी त्याच्यासमोर बसून ते तिला उत्तरं द्यायचे. मला त्याची भीती वाटायची, म्हणून तू नेलास तेव्हा मी गप्प बसले. आता पडदा परत पाठव. रागावू नकोस, माया असू दे.

तुझी,
ताई

दि. २९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पडदा आला. अप्पांनी स्वतः पुसला, मग पोटभर जेवले.

काल मीही त्यांच्याजवळ बसले. बटणांचं बोलून झालं की आई थांबते आणि नुसती यंत्राची घरघर येते. ती जागा मला पाठ आहे. काल त्या जागी आई म्हणाली, धाकट्याचा खोकला छातीत उतरलाय आणि तो कुणाला सांगत नाही.

अप्पा शांतपणे म्हणाले, ताई लिहील त्याला.

मी टेप मागे घेऊन पुन्हा लावली. नुसती घरघर. अप्पांना विचारलं, तर म्हणाले, ती रोज काहीतरी नवं सांगते, उगाच का बसतो मी इथे?

हा जुन्या टेपचा खेळ असेल तर तसं लिही. पण खरं लिही.

तुझी,
ताई

दि. ५ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पडदा पाठवण्याआधी मी त्याच्यावर त्या टेपची नक्कल अनेकदा ऐकली. ते वाक्य तीत नाही.

खोकला आहे. माझे रुमाल हरवतात म्हणून बायको मला वेंधळा म्हणते. हरवत नाहीत, त्यांवर रक्त दिसतं म्हणून मी फेकून देतो. तुझं पत्र मी तिच्या हातात दिलं. तिने वाचलं आणि चपला घालून दारात उभी राहिली. आम्ही आता डॉक्टरांकडे निघालोय.

हे पत्र मिळेल त्या दुपारी अप्पांजवळ बस. आई थांबली की तिला सांग, निरोप पोचला.

तुझा,
धाकटा