एटीव्ही टेकडी चढली, त्याची हकीकत

तीर्थरूप दादा,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा सुजलाय, तेव्हा एक अंग कमी धर.) तुझी तब्येत कशी आहे? वहिनी तुला पथ्यावर ठेवते की नुसतीच दटावते?

पत्रास कारण, मागच्या खेपेला तू चारचौघांत म्हणालास, "या एटीव्हीच्या, तुझ्या या चार जाड चाकांच्या फटफटीच्या, इंजिनात जीव नाही. रोपवाटिका चालवायची तर नवी घे, नाहीतर कुंड्या डोक्यावरून वाहा." नवी घ्यायला आमच्याकडे पैशाचं झाड आहे काय? (रोपवाटिकेत बाकी सगळं उगवतं.) त्याच क्षणी ठरवलं, याच इंजिनाला पैलवान करायचं आणि भरलेली ट्रॉली टेकडीवरच्या वाफ्यांपर्यंत ओढून दाखवायची.

आमच्या गॅरेजवाल्याने सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कोरून रुंद करून, मोठा पिस्टन बसवला. पिस्टन भंगारातल्या मोटारसायकलचा, पण खानदानी. पिस्टन मोठा झाला तशी इंजिनाची भूक वाढली, म्हणून कार्बुरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं भोक, मोठं केलं. मग हवा कमी पडू लागली, म्हणून ह्यांच्या उशीतला स्पंज कापून, तेलात भिजवून फिल्टर केला. हे हल्ली डोक्याखाली चादरीची घडी घेतात आणि मान दुखते म्हणतात, पण इंजिन कसा मोकळा श्वास घेतं, ते ऐकायला ये! पहिल्याच दिवशी मी ॲक्सिलरेटरची मूठ पिळली मात्र, पुढची चाकं आभाळाकडे, मी खताच्या ढिगात आणि गाडी शेजारीणबाईंच्या दोरीवरची चादर पांघरून कुंपणात. त्या ओरडल्या, "अहो, रोपं विकता की जीव घेता?" मी खतातूनच म्हटलं, "आज नुसती ट्रायल आहे!"

गॅरेजवाला म्हणाला, "ताई, पुढे वजन हवं." हाताशी हे होते. ह्यांना पुढच्या रॅकवर बसवलं, मांडीवर मातीचं पोतं दिलं, मागे कुंड्यांनी भरलेली ट्रॉली जोडली आणि निघालो. मधल्या वळणावर, जिथे गाडी दरवेळी मान टाकायची, तिथे ह्यांनी डोळे मिटले, मी आणखी मूठ पिळली, आणि दादा, चढली! एकही कुंडी फुटली नाही. (हे उतरल्यावर बराच वेळ गुलाबांच्या वाफ्यात बसून होते, पण ते फुलं बघत होते असं त्यांचं म्हणणं आहे.) तेव्हा जीव इंजिनात होता, तुझ्या बोलण्यात नव्हता.

वहिनीला नमस्कार.

तुझी (हट्टी म्हणालास तरी चालेल)
धाकटी

ता. क. गाडी अजून वरच आहे. सगळं बजेट चढण्यात गेलं, ब्रेक जुनेच राहिले. गॅरेजवाला म्हणतो, "चढवली तुम्ही, उतरवा तुम्ही." हे तर टेकडीकडे पाठ करून जेवतात. तेव्हा रविवारी ट्रॅक्टर आणि जाड दोर घेऊन ये. उतरवताना एक अक्षर बोलायचं नाही.

आणखी ता. क. तुझ्या ट्रॅक्टरला आमची टेकडी झेपत नसेल तर संकोच न करता कळव. त्याच्याही इंजिनाचं बघता येईल.