बोळक्याच्या शोधात

जे. पी. नगर, बेंगळुरू
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप सगुणाआजींना,

तुमच्या भाच्याच्या थोरलीचा, म्हणजे अक्षराचा, वाकून नमस्कार. आम्ही इथे सगळे बरे आहोत, आणि तुम्ही तिकडे तुमकूरला आमच्याहून बऱ्या असाल. गुडघे काय म्हणतात? झोप लागते ना? शुगर ताब्यात आहे असं बाबा सांगतात (पण बाबा सगळ्यांचंच सगळं ताब्यात आहे म्हणून सांगतात). फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही "जेवलीस का?" विचारता, मी हो म्हणते, आणि "सरी, बरं तर, ठेवते" म्हणून तुम्ही ठेवूनही देता. मला तर सगळं पहिल्यापासून सांगायचंय.

मी दातांची डॉक्टर होतेय हे तुम्हाला ठाऊक आहेच. आता शेवटचं वर्ष. परीक्षा दोन महिन्यांवर आलीय आणि तिच्यात कवळीचा एक भाग असतो. त्याला पेशंट लागतो, त्याच्या तोंडात एकही दात असता कामा नये, आणि गंमत म्हणजे (मला यात काडीची गंमत दिसत नाही) असा पेशंट ज्याचा त्याने शोधून आणायचा. नाही मिळाला तर त्या भागाला शून्य, आणि पुढचे सहा महिने पुन्हा तेच. पूर्वी म्हणे लोकांचे दात आपसूक पडायचे. आता जो तो दोनदा ब्रश करतो (आम्हीच शाळाशाळांत जाऊन शिकवलं, भोगा आता). माझी नजर पार बिघडलीय. बसमध्ये कुणी म्हातारं माणूस जांभई देताना दिसलं की मी उतरायचं विसरते. परवा एका लग्नात मी नवरानवरी सोडून, नुसती खीर खाणाऱ्या एका आजोबांसमोर जाऊन बसले, तेव्हा आईने चिमटाच काढला. देवळाच्या रांगेत कमलाबाई नावाच्या एक मिळाल्या होत्या. काय त्या हिरड्या! त्यांना मी पंख्याखालची खुर्ची कबूल केली होती, पण माझ्या वर्गातल्या भव्याने त्यांच्या दारात ऑटोच पाठवली. कमलाबाई आता भव्याच्या आहेत.

शेवटी माझं डोकं चाललं. आमच्या पार्कात सकाळी हास्यक्लब भरतो. वडीलधारी मंडळी गोल करून, हात वर करून, घसा दिसेपर्यंत तोंड उघडून हसतात (तपासणीची अशी सोय आमच्या कॉलेजातही नाही). मीही जाऊन हसू लागले, आणि एके दिवशी माझ्या बरोबर समोर हणमंतराव हसले. वर काही नाही, खाली काही नाही. मला अगदी भरून आलं. हणमंतराव आपल्यातलेच, यशवंतपूरच्या बाजारात त्यांचा कांद्याबटाट्याचा होलसेल धंदा होता, आता निवांत असतात. "फुकट दात मिळतात तर स्वल्प त्रास सोसू की," म्हणाले आणि कॉलेजात यायलाही लागले. माप घेताना त्यांनी माझं बोट चावलं, पण दातच नसल्यामुळे कुणाची काही तक्रार नव्हती.

आता घोळ ऐका. कवळी पक्की करण्याआधी दात मेणात बसवून तोंडात घालून बघतात. दिसायला हुबेहूब कवळी, पण मेण ते मेण. हणमंतरावांनी आरशात पाहिलं आणि वीस वर्षांनी तरुण झाले. मी आम्हाला शिकवणाऱ्या डॉ. मेघाश्री मॅडमना बोलवायला आत गेले, आणि तेवढ्यात स्वारी तशीच, ते दात घालून, क्लबाच्या मित्रांना दाखवायला पळाली. मित्र कोपऱ्यावरच्या दर्शिनीत उभ्याउभ्या इडली खात होते. त्यांनी तोंडभरून कौतुक केलं, आणि आनंदाच्या भरात हणमंतरावांनी वाफाळती फिल्टर कॉफी मागवली. पहिल्या घोटाला पुढचे दात हलले, दुसऱ्याला सुटले. मी धापा टाकत पोचले तेव्हा ते चमच्याने कॉफीतून दात काढत होते. "अगं बाळ, सगळे सुटले की! हल्लु बेडा, दात नकोत मला, काहीच बेडा!" सगळा क्लब हसत होता, आणि या खेपेला खरंखुरं.

त्याच संध्याकाळी एचएसआर लेआउटहून त्यांचा मुलगा आला. त्याने वडिलांना कुठल्याशा बड्या दवाखान्यात नेऊन हाडात स्क्रू बसवून कायमचे दात करून आणले. आता हणमंतराव रोज सकाळी मला बघून ते सगळे दाखवत हसतात. मेघाश्री मॅडमना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, दुसरा शोध.

आजी, खरं सांगते, मला फार भीती वाटतेय. माझा हात चांगला आहे, कवळी करायला मला मनापासून आवडतं, आणि अडलंय ते एका बोळक्यावाचून. काल जेवताना रडूच आलं. पण तुम्ही मुळीच काळजी करू नका. मी काही मागायला लिहीत नाहीये, मन मोकळं केलं इतकंच.

तुमची लाडकी,
अक्षरा

ता. क. आई सहज म्हणाली की हल्ली तुम्ही भाकरी दुधात कुस्करून खाता, आणि आता खालचा एकच दात उरलाय. सकाळची पॅसेंजर यशवंतपूरला थांबते. मी शुक्रवारी फलाटावर उभी असेन. दोन महिन्यांचे कपडे आणा.

ता. क. २. त्या एका दाताची चिंता नको. माझ्या वर्गातल्या ऋतुराजला परीक्षेआधी कुणाचा तरी एक दात काढून दाखवायचाय आणि त्यालाही कुणी मिळत नाहीये. तुमचा दात मी त्याला देऊन टाकलाय. हिरडी भरायला वेळ लागतो, म्हणून शुक्रवारच. बाबांना मात्र मी गुडघे दाखवायला बोलावतेय असं सांगितलंय, तेव्हा उतरताना जरा लंगडा.

ता. क. ३. पाकीट चिकटवता चिकटवता कळलं की कमलाबाई भव्याला सोडून मैसूरला लेकीकडे निघून गेल्या. भव्याने माझ्या आईशी गोड बोलून तुमचा नंबर मिळवलाय. तिचा फोन आला तर तुम्हाला बत्तीसच्या बत्तीस दात आहेत आणि तुम्ही रोज ऊस खाता, असं ठणकावून सांगा.