न दिलेले पाच पेपर

१२ एप्रिल

लागली यादी! उपस्थिती अपुरी असलेल्यांची. नावं नाहीत, नुसते रोल नंबर. माझा वरून चौथा. खाली सही, शिक्का, आणि मध्ये एकच ओळ — या सत्राच्या परीक्षेस बसता येणार नाही.

बोर्डासमोर ही गर्दी. मी मागे उभी राहून एकीला विचारलं, "कोण कोण आहे गं?" — जसं काही माझा त्याच्याशी संबंधच नाही. चांगलं जमतं मला नाटक. रसायनशास्त्राऐवजी तिकडेच जायला हवं होतं.

खोलीवर आले आणि चादर डोक्यावरून घेऊन पडून राहिले.

१३ एप्रिल

ऑफिसात गेले. खिडकीत जाड भिंगांचे क्लार्क असतात ते. त्यांनी रजिस्टर काढलं, माझ्या ओळीवरून पट्टी फिरवली. जानेवारीपर्यंत सगळे 'उ'. मग एकदोन 'अ'. मग नुसते 'अ' — पान उलटलं तरी 'अ'.

"आजारी होतीस का? सर्टिफिकेट आहे?"

नाही.

"घरी काही अडचण?"

नाही.

त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "एक सत्र मागे पडतं, बाई. आभाळ कोसळत नाही. पुढच्या वेळी दे." इतकं चांगलं बोलले की मला रडूच फुटलं. ते घाबरले बिचारे, पाण्याचा ग्लास पुढे केला.

मी विचारलं, "घरी पत्र जातं का?"

"पूर्वी जायचं," ते म्हणाले.

तेवढं ऐकून मी पाणी घटाघट प्यायले.

१४ एप्रिल

का झालं हे? लिहून बघते, कुणी विचारतंय थोडंच.

जानेवारीत दोन दिवस ताप होता. साधाच. प्रॅक्टिकल बुडलं. तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या दारापर्यंत गेले, आत सगळ्यांच्या नळ्या, बर्नर सुरू. सरांना काय सांगायचं याची जुळवाजुळव करत उभी राहिले आणि परत फिरले. उद्या जाऊ. उद्या आणखी एक दिवस वाढला होता, म्हणजे आणखी सांगणं आलं. असं करत करत कालव्याकाठच्या बाकावर बसून अख्खा फेब्रुवारी घालवला. कधी झोपून. मजा केली असती तर निदान मजा तरी केली म्हणता आलं असतं!

आळस म्हणावा तर तसाही नाही. सकाळी उठले की पोटात गोळा यायचा. एवढंच. हे कारण म्हणून कुणाला सांगायचं?

१५ एप्रिल

आईचा फोन. "जेवलीस?" हा तिचा पहिला प्रश्न, जगबुडी झाली तरी हाच असेल.

मग लगेच — "आवाज असा का तुझा?"

झालं! आईला आवाजावरून कळतं. दिवसभर बाबांच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काजं करते, मान खाली, हात चालू, आणि पुढे गिऱ्हाईक नुसतं "हं" म्हणालं तरी सांगते की याला कपडा पसंत नाही. बाबांना नाही कळत. बाबा मोठ्या मनाचे शिंपी, ते गिऱ्हाइकाचं माप घेता घेता माझी जाहिरात करतात — धाकटी रसायनशास्त्रात आहे हो आमची, खांदा सरळ ठेवा.

मी म्हटलं, अभ्यासानं बसलाय आवाज.

ती म्हणाली, "परीक्षेआधी दोन दिवस येऊन जातेस का?"

 समोर बसले की पाच मिनिटांत ओकून टाकेन सगळं. ओरडलेच जवळजवळ — "आई! बावीसला पहिला पेपर आहे, आता कसं जमेल? काहीतरीच तुझं!"

"बरोबर आहे," म्हणाली. "अभ्यास कर. उगाच म्हटलं मी."

१७ एप्रिल

खोलीतल्या मैत्रिणीला कळलं. तिला आम्ही गजर म्हणतो — पाचला उठते आणि सगळ्या मजल्याला उठवते. तिनं हॉल तिकीट दाखवलं, माझं मागितलं. किती वेळ थापा मारणार?

चिडली. "घरी सांग. आत्ता. माझ्यासमोर फोन लाव."

"आई रडेल."

"रडेल, मग डोळे पुसेल. तुझी आई आहे, परीक्षक नाही!"

फोन हातात घेतला, आईचं नाव काढलं, परत ठेवला. परीक्षा झाल्यावर घरी जाऊन तोंडावर सांगेन असं तिला वचन दिलं. ती म्हणाली, झाल्यावर? कुणाची झाल्यावर?

२० एप्रिल

फोन ताईनं उचलला. आईच्या फोनवर ताई! ती सासरी, चार तासांवर. म्हणते, सहज आलेय चार दिवस. पोरांना तिकडेच ठेवून. ही सहज कधीपासून यायला लागली? नवऱ्याशी भांडली असणार. मला सांगायची नाही, मी धाकटी ना.

"आई कुठाय?"

"घसा बसलाय तिचा. डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीये. तू तुझ्या पेपरांकडे बघ."

खरं लिहू? सुटले मी. आवाज ऐकणारं माणूस आठवडाभर तरी फोनवर येणार नाही. आईचा घसा बसला आणि मला हायसं वाटलं — असली मुलगी आहे मी.

२२ एप्रिल

पहिला पेपर. म्हणजे इतरांचा.

होस्टेलवर बसून राहायची सोय नाही. दहाला वॉर्डन खोल्या बघते, परीक्षेचं कुणी झोपून राहिलं नाही ना. म्हणून मीही अंघोळ करून, केस बांधून, पॅड आणि कंपास घेऊन निघाले. फाटकातून गजर डावीकडे गेली, मी उजवीकडे.

सार्वजनिक वाचनालयात बसले. खालच्या मजल्यावर वर्तमानपत्रांचं दालन, सगळे निवृत्त लोक. एकाच पानासाठी दोघांची हमरीतुमरी चाललेली. त्यातल्या एकानं माझं पॅड बघितलं — "परीक्षा आहे वाटतं? इथे कशी मग?"

"दुपारची आहे," म्हटलं.

"शाब्बास! वेळेआधी येणारी मुलं कुठे राहिलीत हल्ली." आणि ज्या पानासाठी भांडत होते ते पान चक्क मला दिलं. मी तीन तास ते एकच पान वाचलं. मेले असते तर बरं, असं वाटलं.

एकला गजरची प्रश्नपत्रिका घेतली आणि पाठ केली. बाबा प्रत्येक पेपरनंतर विचारतात, काय आलं होतं? कळत काडीचंही नाही त्यांना, पण ऐकायला आवडतं. फोनवर सगळं सांगितलं — पहिला प्रश्न सक्तीचा, दुसऱ्यात पर्याय. "हं, हं," करत होते. मागून कुठलीशी घंटी वाजली, कुणीतरी कुणाला तरी नंबर विचारत होतं. दुकानात नाही का, विचारलं, तर म्हणाले, बाहेर आलोय जरा, कामाला.

२४ एप्रिल

दुसरा. पुन्हा वाचनालय. ते आजोबा माझी जागा राखून बसले होते! काल सुट्टी का, विचारलं.

संध्याकाळी ताई म्हणाली, "आई म्हणतेय, घाई करू नको. लिहून झालं की एकदा वाचून बघत जा."

आई बोलली म्हणजे घसा उघडला वाटतं. मी म्हटलं, दे तिला. ताई म्हणाली, आत्ताच डोळा लागलाय. मी आग्रह केला नाही. चांगला गेला म्हणून सांग, म्हटलं.

"सांगते," ताई म्हणाली. "ऐकून बरं वाटेल तिला."

२५ एप्रिल

आज प्रश्नपत्रिका सोडवली, दोन्ही. घड्याळ लावून, खोलीचं दार लावून. गजरनं तपासली. म्हणाली, तू पासच झाली असतीस गं, मूर्ख! आणि रडायला लागली. तिला समजावता समजावता मला माझं रडायला वेळच मिळाला नाही.

पण लिहिताना मजा आली. हे कबूल केलं पाहिजे. हात आपोआप चालला. म्हणजे मला हे येतं, आवडतं. पुढच्या सत्रात पहिल्या दिवसापासून जायचं, पोटात गोळा येवो नाहीतर काय येवो. आईला सांगताना हेही सांगायचं.

२७ एप्रिल

तिसरा पेपर 'झाला'. चार वेळा फोन लावला, उचलत नव्हते. पाचव्यांदा ताई. तिचाही घसा बसलाय आता! सगळ्या घराला लागण झालेली दिसते.

"झाला ना पेपर? पुढचा कधी?"

परवा, म्हटलं.

"आणि शेवटचा?"

दोन तारखेला. कितीदा सांगितलंय!

"बरं बरं. जेव वेळेवर."

मागे बरीच माणसं होती. पाहुणे आलेत म्हणे. परीक्षेच्या दिवसांत पाहुणे! त्यांना काय ठाऊक परीक्षा कसली ते. बाबांना द्यायला सांगितलं. बाबा आले आणि "बेटा" म्हणून गप्पच. मी पूर्ण प्रश्नपत्रिका पाठ करून बसलेले, त्यांनी काय आलं होतं ते विचारलंच नाही. "चांगला गेला ना?" एवढंच. हो म्हटलं. "मग झालं," म्हणाले आणि फोन ताईकडे दिला.

जरा रागच आला. खोटं का असेना, मेहनत घेऊन तयार केलं होतं.

२८ एप्रिल

त्यांना कळलंय का? कॉलेजातून कुणी कळवलं का? म्हणूनच बाबा गप्प, म्हणूनच आई फोनवर येत नाही. घसाबिसा काही नाही, ती रुसलीये. रुसली की आई ओरडत नाही, बोलणं बंद करते. दहावीत मी खोटी सही केली होती तेव्हा चार दिवस बोलली नव्हती. वाढायची, पण बोलायची नाही.

दिवसभर जीव टांगणीला. गजर म्हणाली, कळलं असेल तर सुटलीस. खरंच आहे. कळलेलं असू दे.

२९ एप्रिल

चौथा. वाचनालयात गेलेच नाही, आजोबांच्या शुभेच्छा सहन होत नाहीत. कालव्यावर बसले.

फोन दोन मिनिटांचा. कळलेलं नाही त्यांना. ताई म्हणाली, "एकच राहिला ना आता? मन लावून दे." कळलं असतं तर असं बोलली नसती.

"आई रुसलीये का माझ्यावर?" मी विचारलंच.

ताईनं तिकडचं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "वेडी आहेस का? तुझ्यावर कशाला रुसेल ती?" आणि फोन ठेवला.

१ मे

आईला काय सांगायचं ते लिहून काढलं. चार पानं झाली. फाडली. आई असलं ऐकत नाही, मध्येच म्हणते, मुद्द्याचं बोल.

मुद्द्याचं असं — आई, मी परीक्षा दिली नाही. वर्गात जायची भीती वाटत होती. कशाची ते माहीत नाही. तुला सांगायची त्याहून जास्त वाटली.

एवढंच. एवढं बोलायला मला चार महिने लागले!

२ मे

संपले एकदाचे पेपर. सगळ्या पोरी आरडाओरडा करत जिन्यावरून उतरत होत्या, कुणीतरी मलाही ओढलं, मीही ओरडले. काय करणार?

फोन केला. ताईनं पहिल्याच घंटीला उचलला. "संपला?"

संपला.

"मग उद्या सकाळच्या गाडीनं निघ. पहिल्याच."

मी म्हटलं, सामान आवरायचंय, परवा येते. तर मागून बाबा म्हणाले, "सामान राहू दे. तिला म्हणावं, नुसती ये."

नुसती ये! किती दिवसांत असं कुणी म्हटलं नव्हतं. इतकं बरं वाटलं. गजरला सांगितलं, उद्या रात्रीपर्यंत आईला सगळं सांगून मोकळी होणार. तिनं मिठी मारली. आज दोन वेळा जेवले, पोटात गोळा नाही.

३ मे

गाडीत. हलतंय, अक्षर धड येत नाही. आणखी तीन तास. आई चिडेल. चार दिवस बोलणार नाही बहुतेक. चालेल, सुट्टी मोठी आहे.

५ मे

आई सव्वीस तारखेला गेली. दुसऱ्या आणि तिसऱ्या पेपरच्या मध्ये. पोटात गाठ होती, एकवीसला ऑपरेशन. पाच दिवस शुद्धीवर होती. मला बोलवूया, असं ताई रोज म्हणायची. आई म्हणायची, पोरीचे पेपर होऊ देत. सगळ्या गल्लीला ताकीद होती, मला कुणी कळवायचं नाही.

बाबा म्हणाले, "दुसरा चांगला गेला म्हटल्यावर हसली होती. तेवढं समाधान घेऊन गेली." मग माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "सगळे चांगले गेले ना?"

मी हो म्हणाले.